फाटकाच्या अलीकडे

स्वॉन्सीच्या वाचनालयात बुधवारी सभा होती.
विषय फळ्यावर मीच लिहिला, खडूनं:
युद्ध टीव्हीवर किती दाखवावं?
सत्तर खुर्च्या मांडल्या. त्रेचाळीस माणसं आली.
समुद्राकडचा वारा दार ढकलत होता,
चहाच्या भांड्याला उकळायला नेहमीसारखा उशीर.

विद्यापीठातल्या मार्गेडबाई आधी बोलल्या.
म्हणाल्या, हिरव्या अंधारात ठिपके चमकतात
आणि आपण काट्यानं वाटाणे टोचत राहतो.
नकाशावर बाण सरकतात
हवामानाच्या अंदाजासारखे:
आज पश्चिमेकडून रणगाडे, उद्या दुपारनंतर निवळेल.
लोक हसले.
मग आपण हसलो हे कळून गप्प झाले.

नेस्टा उठली. तिचा धाकटा तिकडे होता.
"ह्यू परत आला माझा. पण ते तीन आठवडे
आवाज बंद, चित्र चालू, अशी झोपायचे मी.
दाखवू नका म्हणणाऱ्यांनी
एक रात्र माझ्या सोफ्यावर काढावी."

मागून कुणीतरी:
"म्हणजे पोरांनी जेवताना प्रेतं बघायची?"
"प्रेतं कुठे दाखवता? धूर दाखवता, धूर!"
खडाजंगी झाली. माइक दोनदा किंचाळला.

एमरिसनं चष्मा पुसला.
सव्वीस वर्षं त्यानं बातम्या कापल्या होत्या,
सहाच्या वेगळ्या, दहाच्या वेगळ्या.
"खोटं आम्ही कधीच दाखवलं नाही," तो म्हणाला.
"थोडं अलीकडे थांबलो. इतकंच."

तेव्हा सबीहनं हात वर केला.
मंडईमागे त्याचं दुकान,
व्हिडिओ दुरुस्तीचं, आता नुसतीच पाटी.
माइक त्यानं डागणीच्या सळीसारखा धरला,
टोकापासून लांब.

"बसऱ्यातली आमची गल्ली
एका संध्याकाळी तुमच्या बातम्यांत आली.
खालच्या पट्टीवर नावाचा ध चा मा झालेला,
पण छतावरची टाकी मी ओळखली.
तिला निळा रंग मीच दिला होता,
होडीचा उरलेला.
कॅमेरा डावीकडून निघाला.
पाव भाजणाऱ्याची भट्टी.
न्हाव्याची खुर्ची, भर रस्त्यात.
शेजाऱ्यांचं डाळिंबाचं झाड, त्यामागे आमची टाकी.
आता आमचं फाटक येणार,
तर फाटकाच्या अलीकडे चित्र तुटलं
आणि टाय लावलेला माणूस आला
तेलाचा भाव सांगायला.

फोन लागत नव्हते. आई तिथे होती.
मी ते टेप केलं होतं. रोज लावायचो.
थांबवायचो, एक चौकट पुढे, थांबवायचो.
फीत नेमकी तिथेच झिजली.
आधी डाळिंबावर मुंग्या आल्या,
मग टाकीवर.

दाखवावं की दाखवू नये, मला मत नाही.
मला एवढंच विचारायचंय,
कापलेलं तुम्ही कुठे ठेवता?"

सगळ्या माना एमरिसकडे वळल्या.
"फडताळात," तो म्हणाला. "तीस दिवस.
फिती महाग असायच्या हो.
मग तीच पुसून पुन्हा वापरायचो."
"तिच्यावर काय घेतलं?"

एमरिसनं उडवून लावलं नाही.
डोळे मिटून त्यानं खरंच आठवून पाहिलं,
जणू ते आठवलं तर काही परत करता येईल.
"एप्रिल ना तो? मे?
फुलांचं प्रदर्शन असेल," तो म्हणाला.
"नाहीतर रग्बी."

चहा एकदाचा उकळला.
ठराव मताला टाकला, अठरा विरुद्ध सतरा,
बाकीचे कोट घालत होते.
कोण अठरा, कोण सतरा,
मला आता सांगता यायचं नाही.
फाटकाचं पुढे काय झालं, कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

सबीह मागे राहिला.
न सांगता खुर्च्या मिटू लागला,
एकावर एक, पाय न अडकवता.
मी फळा पुसला. प्रश्नचिन्ह जाता जाईना,
खडू जास्त दाबला असणार.

जाताना त्यानं भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहिलं.
"याचा डावा खिळा ढिला झालाय," म्हणाला.
"खाली मुलं बसतात ना शनिवारी?
उद्या येतो. पैसे नकोत."