पाठ

वेल्सच्या आमच्या खोऱ्यात
खाणीतल्या माणसाची पाठ धूत नसत.
कणा मऊ पडतो, म्हणायचे.
शेगडीपुढच्या पत्र्याच्या टबात
आई बाबांची मान, छाती, दंड खसखसून काढायची
आणि पाठ ठेवायची तशीच, काळी.
चादरीवर रोज तिचा ठसा.

एम्रिस प्रॉबर्ट, वय तेरा:
अंधारात बसून डब्यांसाठी दार उघडणारा पोऱ्या.
मग तीस वर्षं दोन फुटी थरात, कुशीवर.
कपाळावर निळी रेघ,
जखमेत कोळसा राहिला नि वरून कातडी आली.

निवडून आले तेव्हा शिंपी म्हणाला,
डावा खांदा उतरलाय, आतून कापूस भरू?
"राहू दे. त्याच्यावर छत होतं."

लंडनात मतदानाची घंटा वाजली
तेव्हा सवयीनं मोजायला लागले.
एक: थांब. दोन: खाली सोड. तीन: माणसं आहेत, जपून.
ही नुसती वाजतच राहिली.
"हिच्यावरून कळत नाही," त्यांनी पत्रात लिहिलं,
"पाळण्यात माणसं आहेत की कोळसा."

दमले की संसदेच्या बोळात
भिंतीला टेकून उकिडवे बसत.
कुणी लॉर्ड वाकून विचारून गेला,
बरं वाटत नाही का?

बोलले फार नाहीत.
फुफ्फुसांच्या भरपाईवर एकदा, सतरा मिनिटं.
छापील वृत्तांत आहे माझ्याकडे.
त्यात खोकला नाही.
वाक्य मध्येच तुटतं
तिथे असणार,
मी बोट ठेवून वाचते.

मग ते वर्ष. बंद करायच्या खाणींची
स्वतःच्याच पक्षाची यादी,
अकरावं नाव आमचं.
बाबा 'होय'च्या दारातून गेले.

शनिवारी स्टेशनवरून चढण चढून आले.
कुणी दार आपटलं नाही,
उंबऱ्यातली माणसं फक्त आत वळली.
गेथिनकाका, ज्यांना त्यांनी दरडीखालून
केसांना धरून ओढून काढलं होतं,
म्हणाले, "गाडी वेळेवर दिसते."
तेवढंच.

रात्री न्हाणीघरातून,
खासदाराच्या पगारातल्या पांढऱ्या टबातून,
बाबांनी आईला हाक मारली.
पाठ धू, म्हणाले.

पाठ केव्हाच गोरी झालेली.
मणक्यागणिक एक निळा ठिपका,
जुन्या कोटाच्या गुंड्यांसारखा.
आई स्पंज घेऊन उभी राहिली
पाणी गार होईपर्यंत.

मग टॉवेल पुढे केला.