केस क्रमांक एकशे सव्वीस

कोपरखैरण्यात खराटमलमामा दर रविवारी
बोकडाचे डोळे बाजूला काढून ठेवायचे,
आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात, बर्फावर.
पैसे घेत नसत.
"शिक पोरी. फक्त माझ्या डोळ्याला हात लावू नकोस."

फेलोशिपला तीनशे हव्यात.
लॉगबुकात रकाने: डावा की उजवा,
भिंगाचा नंबर, पिशवी फाटली का,
सरांची सही.
बोकडांचे कोणी मोजत नाही.
मी मोजलेत. दोनशे बारा,
त्यातले साठ नासवले.

आज निळ्या कापडाखालून ओळखीचा आवाज:
"मोठे डॉक्टर आहेत ना?"
"शेजारीच उभे आहेत, मामा."

पहिली चीर देताना श्वास अडला
तो माझा.
ते निवांत.
"खरं सांग, किती फोडलेस आजवर?"

"बोलू नका मामा.
डोळा हलतो."