पासंग

इशबेल कारगिलने बॅग बाकावर आडवी केली,
म्हणाली, "वॉटी, ह्या अकरा जणींचं
एकमेकींशी पटत नाही."

आर्ब्रोथच्या बंदरावर सकाळपासून धुकं.
शेजारच्या भट्टीत हॅडॉक धुरी घेत टांगलेले,
त्यांचा वास माझ्या शेडला, माझ्या स्वेटरला,
मी जोडून दिलेल्या प्रत्येक काठीला.
गिऱ्हाइकाला मी आधी चहा विचारतो.
तिला विचारला नाही.
ती घाईत होती, किंवा तसं दाखवत होती.

ड्रायव्हर चर्चच्या सेलमधला, चार पौंडांचा.
वेज बहिणीची, डंडीहून उसनी आणलेली,
तिने परत मागितली नाही, हिने दिली नाही.
पाच, सहा, सात नंबरच्या डंकनच्या.
डंकन सहा फूट दोन इंच.
ही माझ्या खांद्याला लागते.
आणि एक आठ नंबरची, गंजकी,
ग्रिप कुत्र्याने चघळल्यासारखी.
"ही कुणाची?"
"कुंपणापाशी सापडली. कुणी विचारत आलं नाही."

टाच पट्टीला टेकवून मी मापं घेतली.
अर्ध्या अर्ध्या इंचाने उतरत यायला हवं,
जिना उतरतो तसं.
हिचा जिना असा:
पायरी, पायरी, पायरी,
आणि मग एकदम तळघर.

मग काटा.
हा काटा वाण्याचा नव्हे. काठी किती भरते ते तो सांगत नाही,
फिरवताना तिचं डोकं हाताला किती ओढतं, ते सांगतो.
डंकनच्या तिघी डी-तीन. गंजकी डी-शून्य.
वेजचा आकडा मी सांगितला नाही,
बहिणीबहिणींच्या मध्ये कोण पडणार.

मी सगळ्यांना एकच विचारतो:
हातात घेतल्यावर कुठलीचा विचार करावा लागत नाही?
बाकीच्या तिच्या मापाने करायच्या.

तिने साताकडे पाहिलं.
शेडमध्ये घड्याळ नाही, नाहीतर ऐकू आलं असतं.
मग गंजक्या आठवर बोट ठेवलं,
दुकानात स्वस्तातलं कापड दाखवावं तसं.

"आठ लांब करता येईल," मी म्हटलं,
"आत खुंटी घालून. मग डंकनच्यांना हात लावायला नको."

"तीन वर्षं त्या मी
वरची दोन बोटं सोडून धरतेय.
दुसऱ्याच्या घरात जिना चढताना कठडा धरावा तशी.
काप."

जुनी ग्रिप चिरली. खाली टेपचे दोन वेढे जास्तीचे,
उजव्या पंजाखाली. जाड हातांसाठी.
गुंडाळणी ओळखीची वाटली.
माझीच होती. एकोणीस वर्षांपूर्वीची.
मी काही बोललो नाही, करवत लावली.

इंच उतरला की सहा अंक उतरतात.
डी-तीनची सी-सात होते, हलकी, पोरकट,
डोकं आहे की नाही कळू नये अशी.
तेव्हा तीन अंकांचा पासंग:
प्रत्येकीला सहा ग्रॅम शिसं, पाठीमागे,
चेंडूला दिसणार नाही असं.

तिने कापलेला एक तुकडा उचलला.
"ह्याचं वजन किती?"
साध्या काट्यावर ठेवला. साडेतीन ग्रॅम.
"एवढंच?"
मापात पाप करत नाही मी.
"एवढंच," म्हटलं.
तिने तो परत ठेवला. मी तिन्ही तुकडे
स्क्रूंच्या डब्यात टाकले.
आता चहा विचारला. ती हो म्हणाली.

ड्रायव्हरचं काही करता आलं नाही.
तो अवखळच राहणार, मी सांगून टाकलं.
ती खूश झाल्यासारखी वाटली.

पुढच्या गुरुवारी तिसऱ्या होलपाशी दिसली.
वारा समोरून, हातात पाच नंबरची,
मूठ अगदी टोकापर्यंत, एकही बोट न सोडता.
फिरवली.
चेंडू सरळ पिवळ्या गॉर्सच्या काट्यांत.
तिने मोठ्याने एक शिवी दिली, पुरुषी, बंदरावरची,
आणि काठीकडे
एकदाही न बघता
चालू लागली.