शेरा

सोहारला अजून उजाडायचंय.
पहिला पेशंट याकूब मुकादम, मूळ गाव दाभोळ,
एकतीस वर्षं समुद्र गोडा करण्याच्या कारखान्यात.
काम : नळ्यांतली खपली काढणे.

छातीवर इलेक्ट्रोड चिकटवते.
"सुई नाय ना गो?"
नाही चाचा. नुसता श्वास रोखायचा.
"ते जमतंय. टाकीत उतरायचो मी."

टेबल आत सरकतं, बाहेर येतं. झालंसुद्धा.

मग काचेमागे मी,
आणि पडद्यावर त्यांचं हृदय, तीन-तीन मिलिमीटरच्या चकत्यांत.
चुना तेवढा लख्ख पांढरा.
सगळा मोजायचा नसतो.
महाधमनीच्या भिंतीतला वगळायचा,
हृदयाला रक्त नेणाऱ्या वाहिन्यांतला वगळायचा,
फक्त झडपेच्या तीन पाकळ्यांचा धरायचा.
पाकळ्या आपल्या पुस्तकात.
इथे खडकाला चिकटलेली कालवं आहेत,
भरती आली तरी न उघडणारी.
एक ठिपका अगदी हद्दीवर.
दोनदा सोडते,
तिसऱ्यांदा आत घेते.

एकवीसशे सत्तेचाळीस.
पुरुषाला दोन हजारांपुढे गंभीर म्हणतात.
बाईला बाराशेच पुरतात.
कारण वाचलंय मी, तरी दर वेळी
तो आकडा ओलांडताना जीभ अडखळते.

बाहेर ते सदऱ्याची बटणं लावतायत.
"इकोवाला डॉक्टर बोलला, मध्यम हाय. दाब कमी दिसतोय."
मी गप्प.
"पंपच दमला असंल तर गेज कमीच दाखवनार,
नळी चोंदली तरी.
म्हनून आम्ही नुसत्या गेजवर नाय जात."
अख्ख्या वॉर्डात हे इतकं सोपं
कुणी सांगितलं नव्हतं मला.

"आमच्यात युनिट बंद करून आम्ल फिरवतात.
सकाळी नळी कोरी."
एक बटण राहून जातं.
"ह्याला बंद नाय करता येत."

खिशातून निळी वही निघते. आखलेले रकाने :
तारीख, वेळ, आकडा, शेरा.
"बोल."
डॉक्टर सांगतील, चाचा.
ते पेन उघडंच धरून बसतात.
भिंतीवरचं घड्याळ बघतात, वेळ आधी लिहून टाकतात.

सांगते.

२१४७. सातचा पाय जरा लांब, ऐटदार.
मग शेऱ्याखाली, हाताच्या सवयीनं :
पुढच्या पाळीला कळवणे.