खड्डामाग

माग भंगारात गेला त्या दिवशी
चौघांनी उचलून नेलं लाकूड, फणी, पावड्या.
खड्डा तेवढा राहिला.
खड्डा कोण नेणार.

मल्लेशम रोज सकाळी कपबशी घेऊन
त्याच्या काठावर बसायचा, पाय आत सोडून.
पाय नसलेल्या पावड्या शोधायचे,
डावा, उजवा, डावा.
मी सुपात विड्या वळत बघायची.
त्या महिन्यात माझ्या विड्यांत छाट फार निघाली.

चैत्रातल्या वावटळीत वरचा एक पत्रा उडाला,
येमूलांच्या गच्चीवर सापडला, पापडासारखा मुडपलेला.
नवा घ्यायचा तर पंधरा दिवसांची मजुरी.
तेवढ्या चौकोनातून ऊन घरात उतरलं
आणि नेमकं खड्ड्यात जाऊन बसलं.
म्हटलं, बसलाच आहेस तर काम कर.

होटगी रोडला बिल्डिंगचा पाया खणत होते,
काळी माती ट्रॉलीनं बाहेर टाकत होते,
जिच्यात परवापर्यंत मालदांडी उभी होती.
रिक्षावाला म्हणाला, विकत कसली घेताय वहिनी,
फेकतायत. भाडं तेवढं द्या.
सोळा पोती.
तळाला सुताची गुंतवळ घातली, वर तेंदूच्या कातरणी,
शमशादनं तिच्या बकरीच्या लेंड्या दिल्या घमेलंभर,
वर ऐकवलं, ईदपर्यंतच मिळतील बरं का.

तो वॉचमनच्या कामाचं विचारायला गेला होता.
आला, चहा घेतला हातात, आणि उभाच राहिला.
"बसू कुठं?"
एवढंच म्हणाला.
मग चार पाणी बोलला नाही.
आमच्या गल्लीत दिवस असेच मोजतात,
नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं,
म्हणजे वीस दिवस.

तुम्ही अंबाडी म्हणता, आमच्यात पुंटीकूर.
ती पेरली. कडेला दोडक्याच्या चार बिया.
तांदूळ धुतलेलं पाणी तिचं,
डाळ धुतलेलं तिचं,
चूळ भरलेलं सुद्धा तिचंच, खोटं कशाला बोलू.
एकदा घाईत रंगाच्या हौदातलं ओतलं मी,
एक कोपरा तीन दिवसांत जांभळा होऊन मेला.
त्या कोपऱ्यात अजून काही उगवत नाही.

मग मावा आला.
दुकानदारानं औषध सांगितलं तीनशेचं.
मी सुपाच्या बुडाशी साचलेली तंबाखूची भुकटी
रात्रभर भिजवली, फडक्यानं गाळली, शिंपडली.
ज्या भुकटीनं माझा खोकला वाढला
त्याच भुकटीनं मावा मेला.
हसावं की काय करावं कळेना,
खोकले.

दोडक्याला आधार हवा होता. मी बांबू शोधत होते.
एका सकाळी उठून बघते तर
आढ्यापासून मातीपर्यंत सूत ताणलेलं,
शिल्लक बीमचं, पांढरं, वीस नंबरी.
चाळीस धागे, दोन-दोन बोटांवर,
एकही सैल नाही.
गाठ मी ओळखली.
नखानं सुटत नाही आणि बोटाला लागत नाही
अशी गाठ या घरात एकालाच येते.
तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता,
झोपल्यासारखा.
मी काही बोलले नाही.
वेल आधीच तिसऱ्या धाग्याला पोचला होता.

पहिली पुंटीकूर डाळीत घातली,
लाल मिरची, लसूण, वरून कच्चं तेल.
एक वाटी शमशादकडे गेली, बकरीच्या हिशोबात.
दोन घास खाऊन म्हणाला, "मीठ कमी."
चार पाण्यांनंतरचा पहिला शब्द.
कमी नव्हतं. मी तरी चिमूट घातली.

आता तो खड्ड्याशेजारी मांडी घालून बसतो.
पिवळी पानं खुडतो, हिरवी मोजतो,
मोजायची सवय आहे, जात नाही.
मांडीखाली पाय अजून हलतात.
डावा, उजवा.

त्याला मी काय करू.
आज पाण्याचा दिवस आहे, नळ गुरगुरतोय,
आधी घागर भरायची, मग हंडा,
मग खड्डा.