शेरा

मी सचिव. परिपत्रक मीच काढलं:
एक तारखेपासून तोलाची नोंद संगणकावरच.
खाली सही, शिक्का,
आणि ‘सहकार्य अपेक्षित’, जे मी
जिना उतरून कुणाकडेच मागितलं नव्हतं.

वाळपईच्या गोदामात मशीन आलं.
पियेदादनं त्यावर क्रोशाचं आच्छादन घातलं.
“धुल्ल बसता,” म्हणाली.
महिनाभर बसली.

सगुण काट्यापाशी. तीस वर्षं
मूठभर सुपारी कानाशी खुळखुळवून
तो सांगत आलाय, किती सुकली ते.
पडद्यावर होतं: प्रत अ, ब, क.
“हो क कोण?” त्यानं विचारलं,
आणि पाठ फिरवून पोत्यावर
लाल खडूनं लिहिलं: खरड.

कंपनीची केतकी अस्नोडकर
म्हापशाहून सकाळच्या बसनं यायची.
दोन दिवस तिनं शिकवलं. भिंती शिकल्या.
तिसऱ्या दिवशी लॅपटॉप मिटला,
खोकं पालथं घालून काट्याशेजारी बसली.
वेंच कधी म्हणायचं? खोका कुठला?
एकाच पोत्यात दोन्ही निघाले, तर?
सगुणनं आधी पोत्याला उत्तरं दिली,
मग हळूहळू तिला.

चौथ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं.
मला.
पायऱ्या अकरा आहेत, तेव्हा मोजल्या.
“सर, तुमी कागद धाडलो,” पियेदाद म्हणाली,
“विचारूंक ना.”
मी पोत्यांकडे बघत राहिलो.

सगुणनं जुनी वही उघडली,
शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं: शेरा.
यंत्रात हा नाही. मग लिहू कुठं,
माल वाटेत भिजला,
कुणाला पैसे आजच लागतील,
कुणाची सही आता थरथरते?
तीस वर्षांच्या त्या वह्यांत
मी फक्त बेरजा तपासल्या होत्या.

रकाना किती मोठा हवा, केतकीनं विचारलं.
“दोन ओळी पुरो,” सगुण.
“तीन,” पियेदाद.
तीन ठरल्या.

आता सगळं सुरळीत आहे असं नाही.
लाईट जाते. वही खणातच असते.
पियेदाद बोटांवर बेरीज करते
आणि मग यंत्राची चूक नाही ना, बघते.
पण पडद्यावर खरड आहे, खोका आहे,
आणि आच्छादन माझ्या खुर्चीवर आलंय,
कोणी घातलं, विचारलेलं नाही.

काल वर, माझ्या टेबलावर, नोंद उमटली:
म्हाऊस. विष्णू गांवस. लाल, बेचाळीस किलो.
शेरा, एका बोटानं टाइप केलेला, काना गळालेला:
मल बरा. पोरगा घेऊन आला. विष्णू खाटेवर.
उरलेली सुपारी घरीच. गाडी धाडा.

तिसरी ओळ रिकामी होती.
तिथं मला काय लिहावं सुचेना.
ड्रायव्हर कुठं आहे ते विचारायला
अकरा पायऱ्या उतरलो.