आधी हँडब्रेक

सांगून ठेवतो, ब्रायनी, आधी हँडब्रेक.
मग बाकीचं जग.

पहाटेचे पावणेचार. गूलच्या यार्डात धुकं एवढं
की गावातल्या त्या दोन पाणटाक्या,
तुम्ही ज्यांना मीठदाणी आणि मिरीदाणी म्हणता,
कुणीतरी टेबलावरून उचलून नेल्यात.

ट्रेलर सात आठवडे उभा असो की सात मिनिटं,
त्याच्याजवळ अनोळख्यासारखं जायचं.
पाय नीट टेकलेत? जमीन मऊ नाही ना?
त्याचा ब्रेक ओढलाय का? कुणाच्या शब्दावर जाऊ नकोस,
स्वतःच्या बोटांनी बटण ओढून बघ.
मग मागे, हळू. आत शिरण्याआधी थांब,
उतर, उंची बघ. वाकायला लाज कसली.
पुन्हा मागे.
खटका.

तो ऐकून खूश होऊ नकोस.
विल्फ अ‍ॅक्रॉइड म्हणायचा, खटका खोटं बोलतो.
पुढे ओढून बघ, एकदा, परत एकदा,
मग टॉर्च घेऊन खाली डोकं घाल,
जबड्यानं खिळा खरंच धरलाय का.
ग्रीस केसांना लागेल. लागू दे.

विल्फ हे सगळं एका दमात म्हणायचा,
निम्मे शब्द गिळून. पहिले सहा महिने
मला फक्त गिळलेलेच ऐकू यायचे.
म्हणून मी ते पावकी-निमकीच्या चालीत बसवलं,
अजून ओठांत चालू असतं:
हँडब्रेक, किल्ली खिशात, खिळा, क्लिप, नळ्या, पाय वर.
आमच्यात याला जुंपणं म्हणतात.
बैल जुंपतात, माणूस कामाला जुंपतात.
भांडण तेवढं आपोआप जुंपतं,
सोडवायला मात्र हात लागतात.

तू विचारलंस, खाली उतरल्यावर मी पुन्हा चढून
ब्रेक चाचपतो तो कशाला.

चार वर्षांमागे, फेब्रुवारीत, ह्याच बे नंबर अकरात.
तेरा तास झाले होते. इचलकरंजीहून भावाचा फोन:
माग भंगारात द्यायचे, सही पाठव.
मी कॅबमागच्या फळीवर, फोन खांद्यात दाबलेला,
एका हातानं भांडत, एका हातानं जोडत.
पिवळी जोडली. मग लाल.
लाल जोडली आणि ट्रेलरनं लांब श्वास सोडला,
आणि पायाखालचं सगळं
निघालं.

इंजिन बंद. ढकलणारं कुणी नाही.
एवढं वजन आणि आवाज
फक्त खडी चुरडल्याचा.

उडी टाकली. धावलो. दाराला हात पोचला तेव्हा दिसलं,
चाकं उजवीकडे वळलेली राहिली होती
आणि शेजारचा ट्रेलर माझ्याकडे येत होता,
म्हणजे मीच त्याच्याकडे नेला जात होतो.
पत्र्यावरचं फुलकोबीचं चित्र. कोबीवरचं दव.
तेही रंगवलेलं.

मग थांबली.
बर्फावर टाकायच्या मिठाचा ढीग होता,
पुढचं चाक त्यात रुतलं.
कोबीत आणि माझ्या छातीत वीतभर जागा.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात आमच्याकडे.
हे तर मी खाल्लंही नव्हतं.

फोन खडीत पडलेला. भाऊ म्हणत होता,
ऐकतोयस ना? ऐकतोयस ना?
सही मी दुसऱ्या दिवशी पाठवली, एक शब्द न बोलता.

विल्फला हे सांगितलं नाही. उद्या सांगू, उद्या सांगू,
आणि मग त्याच्या अंत्ययात्रेला
मी पोचलो तो हल्लहून, उशिरा, युनिफॉर्मवर.
ऐकणारी तू पहिलीच.

चल. खिळा बघून झाला, क्लिप लावलीस.
आपली नंबरप्लेट त्याच्या पाठीवर लाव,
लीड्सपर्यंत तो आपल्या नावानं जाईल.
तिथं सोडताना काढून घ्यायची,
नाहीतर आपण बिननावाचे परत येऊ, दंड भरत.

आता लाल नळी तुझ्या हातात आहे.
मी काही बोलणार नाही.
यंदा मीठ तिकडे, गेटजवळ ओतलंय.

तू नळी खाली ठेवतेस.
परत कॅबमध्ये चढतेस.